मोहाची भट्टी आणि सरकारची तिजोरी

एप्रिलमध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या काजूच्या बागेत पाऊल टाकलं की पायाखाली बोंडू येतात. बी पिळून काढली की लाल-पिवळं रसरशीत बोंडू तिथंच फेकलं जातं. दोन दिवसांत ते आंबतं, त्यावर चिलटं घोंघावू लागतात आणि पावसाच्या आधी त्याची माती होते. काही बोंडू टेम्पोत भरून गोव्यात जातात, तेवढीच त्यांची किंमत. सीमेपलीकडे डिचोली-सत्तरीत हेच फळ वेचून तुडवलं जातं, रस भांड्यात आंबतो, भाटीवर चढतो, आणि त्यातून आधी हुर्राक, मग फेणी उतरते. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली तिथल्या सरकारने तिला राज्याचा वारसा म्हणून मान्यता दिली. हंगामापुरता परवाना काढून भाटी लावणारा शेतकरी तिथं राजरोस धंदा करतो. सीमेअलीकडच्या शेतकऱ्याने तेच केलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो.

गावाने दारू गाळायची नाही, कारखान्याने गाळायची, ही महाराष्ट्राची व्यवस्था जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे. ती लोकांच्या आरोग्यासाठी आखलेली नव्हती. इंग्रज सरकारने ती महसुलासाठी आखली आणि स्वतंत्र महाराष्ट्राने ती फारशी न हलवता पुढे चालवली. मोह, माड, ताड आणि काजू यांच्यापासून पेय करण्याचा हक्क गावाला परत मिळायला हवा. तो गावातल्या बायकांच्या संमतीने मिळायला हवा आणि कंत्राटदाराला मध्ये न घेता मिळायला हवा. हे म्हणणं मांडताना दारूने उद्ध्वस्त झालेली घरं नजरेआड करता येत नाहीत. पण इतिहास नीट पाहिला तर त्या घरांच्या उद्ध्वस्त होण्यातही याच व्यवस्थेचा मोठा हात दिसतो.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. जव्हार-मोखाड्यात, अक्कलकुवा-धडगावात, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात बायका-पोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की गुरं आणि रानडुकरं आधी ताव मारतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ती भाकरीत जातात, लाडवात जातात. दुष्काळात नुसती उकडून खाल्ली जातात. उरलेली मडक्यात पाण्यात भिजत पडतात. काही दिवसांनी फसफस शमली की मडकं चुलीवर चढतं. त्याच्या तोंडावर दुसरं मडकं उपडं घालून सांधा ओल्या मातीने लिंपतात, बाजूने बांबूची नळी काढतात आणि नळीचं दुसरं टोक थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडतात. जाळ मंद ठेवणं हेच सगळं कसब. जाळ भडकला की खालचं मडक्याला लागतं आणि सगळा घाणा करपट होतो. पहिल्या धारेचे चार थेंब विस्तवावर शिंपडायचे, निळी ज्योत उठली की काम जमलं. पहिला घोट कणसरीला, हिरव्याला, वाघ्याला, ज्या गावाचा जो देव असेल त्याला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठाणे जिल्ह्यात हे काम बव्हंशी गावपातळीवर चाले. सरकार कर घेई, गाळपाचे आणि विक्रीचे मक्ते देई. पण भट्टी झाडाच्या जवळ आणि पिणाऱ्याच्या जवळ असे. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा आला. अबकारी खात्याचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांनी त्यामागे मोठ्या कष्टाने यंत्रणा उभी केली. विखुरलेल्या भट्ट्या बंद करायच्या, गाळप मोजक्या ठिकाणी एकवटायचं, तिथं सरकारी माणूस बसवायचा, प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा आणि विक्रीचे मक्ते पैसेवाल्यांना द्यायचे. धोरण म्हणून सांगितलं गेलं ते कमीत कमी सेवन आणि जास्तीत जास्त महसूल. यातला दुसरा भाग चोख पार पडला.

उरण हे त्या काळातलं मोहाच्या दारूचं मोठं ठाणं. मोरा बंदराच्या बाजूला पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या आणि त्यांना लागणारी फुलं थेट गुजरातच्या पंचमहालातून येत. म्हणजे ठाण्याच्या जंगलातल्या वारल्याने आपल्या दारची फुलं गाळायची नाहीत. पंचमहालची फुलं उरणला गाळून, कर भरून, मक्तेदाराच्या दुकानातून त्याला विकत घ्यायला लावायची. तरी लोक घरची फुलं गाळतच राहिले. मग १८९२ साली खास मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावर, विकण्यावर आणि वाहून नेण्यावरच बंधनं आली. जे फूल दुष्काळात पोट भरतं ते घरात ठेवणं हा गुन्हा ठरला. अबकारीच्या शिपायाला कोणाच्याही झोपडीत शिरून कणगी उपसायचं निमित्त मिळालं आणि ते निमित्त त्याने सोडलं नाही.

दारूच्या दुकानाचा पुढचा प्रवास ठाणे आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सगळीकडे सारखाच झाला. दुकानदार उधारी देई. उधारीपोटी आधी गवत, मग भात, मग जमीन. मक्ता घ्यायला भांडवल लागे, भांडवल पारशी आणि इतर व्यापाऱ्यांकडे होतं, आणि गावात रोख पैसा असलेला माणूस तोच. त्यामुळे दारूवाला, सावकार आणि जमीनदार एकाच पेढीवर बसले. याचा दोष एखाद्या समाजाच्या माथी मारणं चूक आहे. ज्याच्याकडे पैसा त्यालाच परवाना, ही अट सरकारची होती. उद्या दुसऱ्या कोणाकडे पैसा असता तर गल्ल्यावर तो बसला असता.

लोकांनी हे निमूट सोसलं नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेल्यांमधून एक देवी निघाली. ती अंगात येई आणि अंगातूनच आज्ञा देई की दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, मक्तेदाराच्या दुकानात पाऊल टाकू नका. ती डोंगर चढून वारली, कोकणा, चौधरी, गामीत अशा वस्त्यांतून फिरत वर्षाअखेरीस सुरत जिल्ह्यात पोचली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यातून स्पष्ट होतं की आदिवासींचा रोख दुकानाच्या मालकावर, त्याच्या चोपडीवर आणि त्याच्या वेठबिगारीवर होता. दारू सोडणं हे त्यांच्या हातातलं सर्वांत धारदार शस्त्र होतं, म्हणून त्यांनी ते उचललं.

किनाऱ्यावर हाच प्रकार भंडाऱ्यांच्या वाट्याला आला. माडी काढणं हे कौशल्याचं आणि जिवावरचं काम. भंडारी कमरेला कोयता आणि भांडं लावून माडावर चढतो, न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळतो, दिवसेंदिवस ती हलक्या हाताने ठोकून मऊ करतो, टोक पातळ तासतो आणि खाली मडकं बांधतो. मग रोज सकाळ-संध्याकाळ तीच चढण, तोच तासण्याचा एक काप. काप जाड गेला तर पोय वाया, पातळ गेला तर रस अडतो. मडक्याला आतून चुना लावला तर पहाटे उतरते ती गोड नीरा. चुना नसेल तर दुपारपर्यंत तिची माडी होते, बिअरइतक्याच ताकदीची. वसईत आणि गोव्यात हीच माडी पावाच्या पिठात आंबवण म्हणून पडायची, तिचाच शिर्का व्हायचा. मुंबई बेटावर इंग्रजांनी बंदोबस्तासाठी उभारलेली पहिली शिबंदी याच भंडाऱ्यांची होती.

१८७८ नंतर माडा-ताडावरची झाडपट्टी कित्येक पटींनी वाढली. सरकारचा हिशोब साधा होता. ताडी स्वस्त राहिली तर लोक ताडी पितील आणि जास्त कर देणारी मोहाची दारू पडून राहील. म्हणून सौम्य पेय मुद्दाम महाग केलं आणि कडक पेयाकडे गिऱ्हाईक वळवलं. भंडाऱ्यांनी अर्ज केले, गाऱ्हाणी मांडली, झाडं छेदायचं काम थांबवूनही पाहिलं. शेवटी हजारो घरांनी कोयता खुंटीला टांगला आणि गिरण्यांची, गोदीची, छापखान्यांची वाट धरली. आज वसई-पालघरच्या पट्ट्यात ताडावर चढणारा तरुण शोधावा लागतो.

याच काळात दारूच्या शेजारी एक दुसरा धंदा उभा राहिला, त्याची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सोडावॉटरवर अबकारी परवाना नव्हता. वायूचं यंत्र, पाणी आणि बाटल्या एवढं भांडवल जमवणाऱ्या कोणालाही हा धंदा खुला होता. मुंबईत पालनजी १८६५ पासून होते. पुण्याच्या कॅम्पात अर्देशिर इराणी यांनी १८८४ साली सोड्याचा कारखाना काढला. दिनशाजी पांडोळे हे क्रिकेटपटू १८८८ च्या पारशी संघातून इंग्लंडला गेले, तिथं ज्या ‘ड्यूक’ कंपनीच्या चेंडूने त्यांनी बळी घेतले तिचंच नाव घेऊन १८८९ साली त्यांनी मुंबईत ‘ड्यूक अँड सन्स’ सुरू केली. मग हा धंदा तालुक्या-तालुक्याला पोचला. एसटी स्टँडासमोर, तमाशाच्या कनातीबाहेर, जत्रेत, सगळीकडे त्या-त्या गावचा सोडा आणि त्या-त्या गावचं लेमन.

गोटी सोड्याची बाटली हिराम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली. ती उलटी धरून भरतात. वायूचा दाब चढला की आतली काचेची गोटी मानेतल्या रबराच्या कड्याला आतून घट्ट बसते; बूच लागत नाही, तार लागत नाही. अंगठ्याने किंवा लाकडी खुंटीने गोटी आत ढकलली की फट्‍ आवाज होतो. मानेला दोन खळगे असतात. पिताना बाटली त्या बाजूने कलती केली की गोटी खळग्यात अडकते आणि धार मोकळी वाहते. बाटली धुऊन पुन्हा वापरायची, तीही वर्षानुवर्षं. गावातल्या साध्या कारागिराला हाताने चालवता येईल असं हे तंत्र होतं आणि ते गावातच राहिलं. १९९३ साली पारलेची थंड पेयं कोका-कोलाकडे गेली आणि १९९४ साली ड्यूक पेप्सीकडे. मोठ्यांचा बाजार मोठ्यांनी गिळला. पण कॅम्पातला अर्देशिरचा कारखाना आणि गावोगावचे गोटीसोडावाले त्यानंतरही तग धरून राहिले. सोडा आणि दारू एकाच चौकात विकली जात होती, गिऱ्हाईकही तेच. सोड्याला मक्ता नव्हता म्हणून तो शेकडो छोट्या हातांत राहिला आणि दारूला मक्ता होता म्हणून ती मूठभरांच्या ताब्यात गेली.

मक्तेदारीच्या या दारूविरुद्ध महाराष्ट्रातले विचारी लोक लवकरच बोलू लागले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० साली, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १८८९ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सॅम्युअल स्मिथ यांनी हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव मांडला आणि तो थोडक्या मतांनी मंजूर झाला. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातले स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे निरोधनाला उभे राहिले. या सगळ्यांना एक गोष्ट दिसत होती. दुकान सरकार उघडतं, महसूल सरकार घेतं आणि बरबादी गरिबाची होते. १९३० च्या दशकात मुंबई प्रांताच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा चौथाईच्या आसपास होता.

त्या चौथाईवर पाणी सोडायचं धैर्य बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने दाखवलं. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली. ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी आणि नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. आपल्याच समाजाचा रोष त्यांनी पत्करला. मंत्रिमंडळाने काही महिन्यांत राजीनामा दिला आणि तो प्रयोग अर्धवट राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांबाबतच्या काही तरतुदी रद्द केल्या, पण कायदा उचलून धरला.

हा कायदा करणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण त्याने मोहाचं मडकं आणि कारखान्याचा स्पिरिट एकाच तागडीत टाकला. मुंबईच्या खाड्यांलगत, वांद्रे-माहीमच्या आंटींच्या घरात, धारावीत चोरट्या दारूचा एक नवा उद्योग जन्माला आला आणि त्यावर टोळ्या पोसल्या गेल्या. साठच्या दशकात बंदी सैल होऊ लागली. १९७३ साली देशी दारूचे नियम आले. खरा फाटा इथे फुटला. बंदी उठवताना सरकारला पुन्हा निवड करायची संधी होती आणि सरकारने निवड केली ती मळीची. प्रवरानगरपासून सुरू झालेली सहकारी साखर कारखान्यांची रांग तोवर राज्यभर पसरली होती. त्यांच्या मळीपासून रेक्टिफाइड स्पिरिट, त्यात पाणी आणि संत्र्या-मोसंबीचा वास, अशी ‘देशी दारू’ ठरली. मोह, जो खरोखर या देशाचा, तो हातभट्टी म्हणून गुन्ह्यात राहिला. माडी-ताडीची दुकानं लिलावावर चढली, झाडांवर नव्याने पट्टी आली.

पुढे जिथे पुढाऱ्यांना आणि बड्या बागायतदारांना हवं होतं तिथे हाच कायदा किती लवचिक होतो तेही दिसलं. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले, वाइनला करसवलत दिली. त्याचा नाशिकला फायदाच झाला. नाशिकची वाइन आज देशभर जाते. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताजी बिअर जागेवर बनवून जागेवर विकायला परवाना मिळू लागला. मधापासून मीड करणाऱ्यांसाठीही वाट काढली गेली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा वर्गच निर्माण केला: धान्यापासून बनणारं मद्य, राज्यातल्याच उत्पादकांनी बनवायचं, १८० मिलिलिटरची किंमत किमान १४८ रुपये. म्हणजे कायद्यात नवा खण करता येतो. द्राक्षाला केला, जवाला केला, मधाला केला, धान्याला केला. मोहाच्या फुलाला आणि काजूच्या बोंडूला तो होत नाही, कारण त्यांच्यामागे कारखाना नाही. राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक मिळतात आणि त्यात धडगावच्या भिलणीचा आवाज कुठेच नाही.

मोहाची वाट मोकळी करा म्हटलं की पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप बायकांकडून येतो. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायकांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. ती मडकी गावातलीच होती, मक्तेदाराची नव्हती. मार खाणाऱ्या बायकोला दारू मोहाची की मळीची याने काय फरक पडतो? गडचिरोलीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्यासोबत गावंच्या गावं दारूविरुद्ध उठली आणि १९९३ साली तिथं जिल्हाबंदी झाली. चंद्रपुरातही बायका वर्षानुवर्षं लढल्या, २०१५ साली बंदी मिळवली आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. या बायकांना वगळून मोहाच्या वारशाचं कौतुक करणं हा शहरी चैनीचा विचार होईल, आणि तो या लेखाला मान्य नाही.

पण त्यांनी मागितलं काय होतं? निर्णयाचा अधिकार. महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडायची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली की दुकानाला टाळं लागतं. शेकडो गावांत बायकांनी दुकानदाराच्या धमक्या झेलून, मजुरी बुडवून ही मतदानं लढवली. त्यांनी बाटली आडवी केली तेव्हा ती कारखान्याची देशी दारू होती, परवाना गावाबाहेरच्या माणसाचा होता आणि तो देताना गावाला कोणी विचारलं नव्हतं. गावाला नको म्हणायचा हक्क आहे, पण तो दुकान बसल्यानंतर, तोही झगडून.

दुसरा आक्षेप विषबाधेचा. २००४ साली विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसं मेली, जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक. या मृत्यूंचं कारण मिथेनॉल. ते मोहाच्या मडक्यातून आलेलं नव्हतं. कारखान्यांत वापरायचं औद्योगिक रसायन चोरवाटेने झोपडपट्टीत पोचलं होतं. ताडीचंही तसंच. जिथं मैलोन्‌मैल ताडाचं झाड नाही अशा शहरातल्या केंद्रांवर क्लोरल हायड्रेट मिसळलेली ‘ताडी’ पकडली जाते, कारण लिलावात दुकान घेणाऱ्याला भांडवल वसूल करायचं असतं आणि झाडावर चढणारा माणूस त्याच्याकडे नसतो. झाड, चढणारा आणि विकणारा यांची ताटातूट झाली की मधल्या जागेत रसायन शिरतं. उगम ओळखता येणारी, त्याच गावातल्या भट्टीवरची, तालुक्याला तपासलेली दारू यापेक्षा किती तरी सुरक्षित.

शेजारच्या मध्य प्रदेशाने हा रस्ता धरला आहे. मोहाच्या मद्याला त्यांनी वारसा मद्याचा दर्जा दिला, अलिराजपूर आणि दिंडोरीत आदिवासी बचतगटांना ते बनवायची परवानगी दिली, अलिराजपूरचं मद्य ‘मोंड’ या नावाने बाटलीत आलं. महाराष्ट्रानेही २०२१ साली मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. हे पाऊल चांगलंच होतं. पण फूल विकायला मोकळीक आणि गाळायला बंदी असेल तर फायदा व्यापाऱ्याचा होतो. वेचणारीच्या हाती किलोमागे थोडे रुपये पडतात आणि मोल वाढायचं ते दुसऱ्या राज्यात वाढतं.

कायद्याचा आधार शोधायला लांब जायची गरज नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार दिला आहे, आणि गौण वनोपजाची मालकीही दिली आहे. महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियम केले. मोहफूल गावाचं आणि दारूवरचं नियंत्रणही गावाचं. राज्याने फक्त गाळपाचा परवाना या दोन अधिकारांना जोडून द्यायचा आहे. ज्या ग्रामसभेला दारू नको, तिथं मोहाची नको आणि मळीचीही नको. तिने नाही म्हटल्यावर हद्दीलगत दुकान टाकायची पळवाटही बंद करायला हवी. ज्या ग्रामसभेला हवी, तिथं ठराव स्वतंत्र महिला सभेत आधी मंजूर झाला पाहिजे आणि तो दरवर्षी नव्याने व्हायला हवा. आवडलं नाही तर पुढच्या वर्षी भट्टी बंद.

सिंधुदुर्गात पेसा लागू नाही. तिथं काजूसाठी गोव्यासारखा हंगामी परवाना पुरेसा आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या इतक्या जाती दिल्या, बोंडूचं शास्त्र तिथं आहेच. माडी-ताडीवरची झाडपट्टी आणि दुकानांचा लिलाव रद्द करून स्वतः चढणाऱ्याला, त्याच्या मोजक्या झाडांपुरती, स्वतःच विकायची मुभा द्यावी. खादी ग्रामोद्योगाने नीरेसाठी पिढ्यान्‌पिढ्या काम केलं, डहाणूला त्याचं प्रशिक्षण चालत आलं. चढणाऱ्यांना विमा आणि सुरक्षादोर मिळाला तर ती विद्या पुढच्या पिढीत उतरेल.

सगळ्यात जपायला हवा तो परवाना. महाराष्ट्रात १९७० च्या दशकापासून किरकोळ दारूविक्रीचे नवे परवाने जवळजवळ थांबले आणि जुने परवाने कोट्यवधी रुपयांना हातोहात फिरू लागले. ज्याच्या नावावर परवाना तो वेगळाच आणि गल्ल्यावर बसणारा वेगळाच, हे चित्र प्रत्येक तालुक्यात आहे. गावभट्टीचा परवाना या वाटेने गेला तर १८७८ ची पुनरावृत्ती पाच वर्षांत होईल. म्हणून तो ग्रामसभेच्या किंवा बायकांच्या बचतगटाच्या नावे असावा. विकता, भाड्याने देता किंवा गहाण टाकता येऊ नये. उत्पादनाला हंगामाची आणि लिटरची मर्यादा असावी, उधारीवर विक्री सक्तीने बंद असावी, प्रत्येक घाण्याचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत तपासावा आणि त्या तपासणीचा खर्च राज्याने उचलावा. वीस हजार कोटींच्या उत्पन्नातून तो सहज निघतो. जव्हार आणि धडगाव या दोन तालुक्यांत, ज्या ग्रामसभा तयार असतील त्यांच्यापासून, सुरुवात करता येईल. त्यासाठी नियम हिवाळी अधिवेशनानंतर लगेच निघायला हवेत, कारण महिला सभा, ग्रामसभा आणि तपासणीची व्यवस्था मार्चमध्ये फुलं गळू लागायच्या आत उभी राहावी लागेल.